तीनशे चाळीस, पण कशापैकी

ती यादी मी केली होती, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं वाचताना असं वाटेल की मी दुसऱ्याच कुणावर तरी वैतागले आहे. वैतागले मी सगळ्यांवरच होते, पण यादी माझी होती.

आमचं इंजिनिअरिंग कॉलेज नगरच्या बाहेर, औद्योगिक वसाहतीकडे जाणाऱ्या रस्त्यावर. शेवटच्या वर्षाच्या दहा गटांना प्रोजेक्टसाठी मिळून एकच सर्व्हर होता. त्या सर्व्हरच्या पोटात प्रोग्रॅमनं तयार केलेले दहा कॉम्प्युटर, म्हणजे व्हर्च्युअल मशीन. प्रत्येक गटाला एक. आतून पाहिलं तर वाटतं की हे आपलं स्वतंत्र यंत्र आहे, पण खरं काम करतात ते मूळ सर्व्हरच्या प्रोसेसरचे आठ कोअर. कोअर म्हणजे काम करणारा हात, असं मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं होतं. आठ हात आणि दहा मालक. बहुतेक मशीनला दोन-दोन हात वापरायची परवानगी होती. चार हातांची मशीन फक्त दोन होती. एक माझं, कारण मी रोज दोन तास लॅबच्या सरांच्या हाताखाली काम करायचे आणि त्यांच्या चाचण्या माझ्याच मशीनवर व्हायच्या. दुसरं अकोलेचं.

अकोले म्हणजे माझ्या खोलीतली मैत्रीण. आमच्या वसतिगृहात मुली एकमेकींना तालुक्यानं हाक मारायच्या, त्यामुळे मी शेवगाव आणि ती अकोले. तिचा प्रोजेक्ट भाताच्या पानांचा फोटो बघून रोग ओळखण्याचा होता. फोटो तिनं स्वतः काढलेले, भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला, तिच्या गावच्या खाचरांत गुडघाभर चिखलात उभं राहून, भावाच्या मोबाईलवर. त्या फोटोंवरून तिचं मशीन सतरा दिवस शिकत होतं. पुढच्या सोमवारी तिचा रिव्ह्यू होता. चालता प्रोग्रॅम दाखवला नाही तर गाइड सही करणार नव्हते, आणि सही नसेल तर टर्म नाही. घरातून कॉलेजात आलेली तीही पहिलीच, माझ्यासारखी. आमच्यासारख्यांचं एक वर्ष गेलं तर पुढचं मिळेलच असं नसतं. ते आम्ही कधी बोललो नाही, पण दोघींना माहीत होतं.

त्या दिवसांत सर्व्हर फार हळू चालायला लागला. एक अक्षर दाबलं की ते पडद्यावर उमटेपर्यंत पाणी पिऊन यावं, इतका. शुक्रवारी सर वैतागून म्हणाले, "कुणाचं मशीन किती प्रोसेसर खातंय त्याची मला यादी पाहिजे. सोमवारी बोर्डावर लागली पाहिजे. वरच्या नंबरवाल्याचं मशीन मी बंद करणार."

मी विचारलं, "सर, प्रत्येक गटाला आपापल्या मशीनमध्ये बघून लिहून द्यायला सांगू का?"

"आतल्याचं ऐकायचं नाही," सर म्हणाले. "प्रत्येक जण म्हणेल माझं रिकामंच आहे. बाहेरून मोज, मूळ सर्व्हरवरून."

त्यांचं चुकलं नव्हतं. आतल्या मशीनला बाहेरचं काही दिसत नाही. पण मी त्यांचं वाक्य फारच मनावर घेतलं. पुढचे आठ दिवस मी एकाही मशीनच्या आत डोकावले नाही. माझ्या स्वतःच्यासुद्धा नाही.

बाहेरून मोजणं सोपं वाटलं. सर्व्हरच्या दृष्टीनं प्रत्येक व्हर्च्युअल मशीन म्हणजे फक्त एक चालू प्रोग्रॅम असतो. चालू प्रोग्रॅमची यादी देणारी एक कमांड आहे, पीएस नावाची. तिच्या एका रकान्यात प्रोसेसरच्या वापराचा टक्का येतो. मी शनिवारी दहा ओळींची स्क्रिप्ट लिहिली. ती तो टक्का वाचायची आणि मोठ्याकडून लहानाकडे लावून द्यायची. मला फार बरं वाटलं. आपण लिहिलेलं काहीतरी बोर्डावर लागणार, तेही सरांच्या सहीनं.

तपासून बघावं म्हणून मी आत न जाता, बाहेरूनच हुकूम पाठवून, माझ्या मशीनवर मुद्दाम एक निरर्थक हिशेब सुरू केला. तो संपतच नाही, नुसता एक कोअर राबवत राहतो. मग स्क्रिप्ट चालवली. माझ्या मशीनपुढं एक टक्का. मला वाटलं, हिशेब सुरूच झाला नसेल. पुन्हा सुरू केला. एक टक्का. आणखी एकदा केला. चौथ्यांदा केला तेव्हाही एकच. मी कंटाळले, मशीनमध्ये काहीतरी बिघाड आहे असं म्हटलं आणि मेसचं जेवण संपायच्या आत निघाले. अकोलेच्या मशीनचा आकडा मात्र भलामोठा येत होता आणि तिचं मशीन शिकतंय हे मला माहीत होतं. म्हणजे स्क्रिप्ट बरोबर आहे. असा माझा पुरावा.

सोमवारी यादी लागली. पहिल्या ओळीत अकोलेचा गट, तीनशे चाळीस टक्के.

बोर्डापुढं गर्दी झाली. एक मुलगा म्हणाला, "अकोले, शंभरातले तीनशे चाळीस? तू तर बोर्डात येशील."

"मी बोर्डावर आलेच आहे," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "शेवगाव, हे कशापैकी तीनशे चाळीस गं?"

मला उत्तर माहीत होतं, पण पटकन सांगता येईना. मग कोयता आठवला.

माझे आई-वडील दर वर्षी दिवाळीनंतर ऊस तोडायला जातात. आमच्याकडं टोळी माणसांत मोजत नाहीत, कोयत्यांत मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस असेल तर अर्धा. लहानपणी मी गावातल्या हंगामी वसतिगृहात राहायचे, आई-बाप तोडणीला गेलेल्या मुलांच्या. एकदा बाहेरगावहून आलेल्या नव्या गुरुजींनी विचारलं, तुझ्या घरच्यांबरोबर किती जण गेलेत? मी म्हणाले, आठ कोयते. त्यांनी वहीत आठ माणसं लिहिली. मला ते चुकतंय हे कळत होतं, पण गुरुजींना कसं सांगायचं हे कळलं नाही. सोळा माणसांतली आठ त्या वहीत नव्हतीच. माझी आई त्यातली एक.

मी अकोलेला सांगितलं, "आमच्यात एक कोयता म्हणजे दोन माणसं. इथं उलटं आहे. सर्व्हर एका कोअरला शंभर धरतो. तुझ्या मशीनचे चार, म्हणजे तुझं पोट भरेल चारशेला. त्यातले तीनशे चाळीस."

तिनं थोडा विचार केला. "तुझी आई ऊस तोडते तेव्हा भाकरी कोण थापतं?"

"तीच. पहाटे उठून."

"मग ती भाकरी कुठल्या कोयत्यात मोजतात?"

मी म्हणाले, कुठल्याच नाही. ती हसली आणि वर्गात गेली. मी मात्र धावत सरांकडे गेले आणि प्रत्येक आकड्याला त्या मशीनच्या कोअरनी भागून नवी यादी केली. अकोले आता पंच्याऐंशी टक्के झाली. आकडा शंभराच्या आत आला तसा सगळ्यांना खरा वाटायला लागला. मलाही. मघाशी ज्याला लोक हसत होते त्याला आता कुणी हसेना, आणि मंगळवारी सकाळी सरांनी तिचं मशीन बंद केलं.

ती लॅबमध्ये आली तेव्हा मी एकटीच होते.

"माझं शिकवून झालंय रविवारीच," ती म्हणाली. "दोन दिवस मशीन नुसतं बसलंय. मी आत बघितलं होतं, दोन टक्के."

"आतलं धरत नाहीत."

"का नाय धरत?"

"आतून बाहेरचं दिसत नाही. सर म्हणाले."

"आणि बाहेरून आतलं दिसतं?"

मी म्हणाले, आकडा पंच्याऐंशी आहे, मी काय करू? हे वाक्य मी इतक्या शांतपणे म्हणाले की आजही मला माझाच राग येतो. ती म्हणाली, "माझे फोटो त्याच्यात आहेत गं. रिपोर्टचे तक्ते त्याच्यात आहेत. सोमवारी मी गाइडला काय दाखवू, तुझा आकडा?" मग म्हणाली, "तू शेवगावची ना, मला वाटलं तुला तरी कळेल." ती गेली. त्या दिवसापासून खोलीत ती माझ्याशी कामापुरतं बोलायची. पंखा बंद करू का. किल्ली कुठाय. बस.

बुधवारी सर्व्हर तसाच हळू. अक्षर दाबा, पाणी पिऊन या. मी सरांना म्हणाले, "सर, तिचं मशीन बंद केलं तरी फरक नाही."

"मग दुसऱ्या नंबरचं बंद करू."

गुरुवारी दुसऱ्या नंबरचंही बंद झालं. फरक शून्य. आता दोन गट माझ्याकडं खुनशी बघायचे आणि उरलेले विचारायचे, यादीत आमचा नंबर कितवा? मी ती स्क्रिप्ट दिवसातून दहादा चालवायचे. प्रत्येक वेळी जवळजवळ तेच आकडे. हे मला विचित्र वाटायला हवं होतं. काम असं इतकं एकसारखं कुठं असतं? पण मला ते भरवशाचं वाटलं. आकडा हलत नाही म्हणजे पक्का आहे, असं मी समजत होते.

शुक्रवारी दुपारी अकोले सरांपुढं जाऊन उभी राहिली. रडली नाही, आवाज चढवला नाही. म्हणाली, "सर, मशीन एक तास चालू करा. मला माझे फोटो काढून घ्यायचेत. घरी गेल्यावर दुसऱ्या कुणाच्या लॅपटॉपवर काही जमतं का बघते." सर जरा वरमले. मशीन चालू केलं आणि मला म्हणाले, "लक्ष ठेव, पुन्हा खायला लागलं तर लगेच सांग."

मी लक्ष ठेवलं. सुरू होताना आकडा वर गेला, मग उतरत गेला. तीस, बारा, सात. अर्ध्या तासात दोन टक्के.

मी पडद्याकडं बघत राहिले. तेच मशीन, तसंच रिकामं. ती म्हणत होती तेव्हाही असंच रिकामं. मग मंगळवारी पंच्याऐंशी आणि आज दोन, असं का? मधे एकच गोष्ट झाली होती. ते बंद होऊन नव्यानं सुरू झालं होतं.

मग मी ते केलं जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. त्या कमांडची माहिती सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचली. तिथं सरळ लिहिलेलं होतं. तो टक्का आत्ताचा नसतो. प्रोग्रॅम सुरू झाल्यापासून आजपर्यंत त्यानं प्रोसेसर जितका वेळ वापरला, त्याला तो किती वेळ चालू आहे त्यानं भागायचं. जन्मापासूनची सरासरी. अकोलेचं मशीन वीस दिवसांचं होतं, त्यातले सतरा दिवस ते खरंच राबलं होतं. नंतर ते झोपलं तरी त्याची सरासरी जागीच होती. मी तिच्या तीन आठवड्यांच्या मेहनतीला आत्ताचा गुन्हा म्हणून बोर्डावर लावलं होतं.

आणि जे मशीन जुलैपासून चालू आहे, चार महिने जवळजवळ बसूनच होतं, आणि आता अचानक सगळे हात वापरतंय, त्याची सरासरी किती येईल? माझ्या डोक्यात हा प्रश्न आला आणि मी नवी स्क्रिप्ट लिहायला घेतली.

बरोबर मोजायची रीत अवघड नाही. प्रत्येक प्रोग्रॅमनं आतापर्यंत प्रोसेसरचे एकूण किती सेकंद वापरले ते सर्व्हर लिहून ठेवतो. तो आकडा वाचायचा, एक मिनिट थांबायचं, पुन्हा वाचायचा. दोन्हींतला फरक साठ सेकंदांनी भागायचा, मग त्या मशीनच्या कोअरनी. एवढंच. मी ते केलं. अकोले तीन टक्के. इतर गट वीस, तीस, पस्तीस. पहिल्या ओळीत मी. शंभर टक्के.

मी माझ्या मशीनच्या आत गेले. शनिवारचे चारही हिशेब तिथं चालू होते. एकही बिघडला नव्हता. चार कोअर, चार हिशेब, सहा दिवस, काहीही न मोजता. आधी सर्व्हर अडत होता तो अकोलेच्या मशीनच्या शिकण्यानं, पण रविवारनंतर अडला तो माझ्यामुळं. सर्व्हरचे निम्मे हात मी अडवून बसले होते, आणि ते पकडायची स्क्रिप्ट खरी आहे का हे बघण्यासाठीच मी ते सुरू केले होते. मी ते बंद केले. मागच्या बाकावरचा एक मुलगा लगेच म्हणाला, "अरे, चालायला लागलं की." कुणीतरी टाळी वाजवली.

मी बाहेर येऊन पायऱ्यांवर बसले आणि आईला फोन लावला. ती कोल्हापूरकडं होती, फडातच. मागं ट्रॅक्टरचा आवाज येत होता.

"जेवलीस का?" तिनं आधी हेच विचारलं.

मी तिला सगळं सांगितलं, कॉम्प्युटरचे शब्द टाळून. एकीनं आधी लई काम केलं होतं, आता ती बसली होती, तरी मी तिच्याच नावावर बोट ठेवलं. आणि आत्ता सगळं अडवून बसलेली मीच होते.

"आमच्यात बी तसंच हाय," आई म्हणाली. "पहिल्या आठ दिसांत कुणी लई तोडला की मुकादमाच्या तोंडात त्याचंच नाव बसतं. मग तो झाडाखाली झोपला तरी चालतंय. अन ज्याचं नाव सुरवातीला खराब झालं, त्यानं मरमर केली तरी न्हाई दिसत." ती हसली. तिला ते काही फार मोठं वाटलं नव्हतं. मग म्हणाली, "तिला सांगितलंस का?"

"नाही अजून."

"मग मला काय सांगती? मी काय करू हितनं? जा, तिला सांग. मोळ्या पडल्यात माझ्या." आणि फोन ठेवला.

अकोले लॅबमध्येच होती, पेन ड्राइव्हवर फोटो उतरवत. मी तिच्या शेजारी उभी राहिले. कसं सुरू करावं कळेना, म्हणून नवी यादी तिच्यापुढं ठेवली. तिनं पहिली ओळ वाचली, मग दुसरी, मग पुन्हा पहिली.

"हे तू आहेस."

"हो."

"आणि मी तीन."

"तू रविवारपासून तीनच होतीस. मी चुकीचं मोजत होते." मग सगळं सांगितलं. चार हिशेबांचंही. ते सांगितलं नसतं तरी कुणाला कळलं नसतं, असं मधे एकदा मनात येऊन गेलं, हेही इथं लिहिते.

मला वाटलं ती म्हणेल, जाऊ दे. ती तसं म्हणाली नाही. म्हणाली, "मंगळवार, बुधवार, गुरुवार आणि आज अर्धा. साडेतीन दिवस झाले. ते कुठून आणणार आहेस?"

माझ्याकडं एकच उत्तर होतं. मी सरांकडं गेले, यादी दिली आणि म्हणाले, माझं मशीन बंद करा आणि त्याचे चार कोअर सोमवारपर्यंत हिला द्या. सर आधी यादीकडं बघत राहिले, मग माझ्याकडं.

"मग आधीची यादी चुकीची होती?"

"हो सर."

"दोन गटांची मशीन मी त्या यादीवर बंद केली."

"हो सर."

"तुला आधी कळलं नाही?"

त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "मी पण विचारलं नाही म्हणा, कशी काढतेस ते," असं पुटपुटले. मग दोन्ही गटांची मशीन चालू केली, माझं बंद केलं, आणि अकोलेच्या मशीनला आठही कोअर वापरायची मुभा दिली. "पण बोर्डावर नवी यादी लाव. तुझं नाव पहिलं आहे तसंच ठेव," ते म्हणाले. मी ती जुनीच्या शेजारी लावली. आकड्यांशेजारी दोन जास्तीचे रकाने केले, किती वेळातला आणि किती कोअरपैकी. सर म्हणाले, एवढं कोण वाचतं? मी म्हणाले, असू दे सर.

बोर्डावर माझ्या नावापुढं कुणीतरी पेनानं लिहिलं, शेवगाव बोर्डात पहिली. ते मी पुसलं नाही.

शनिवार-रविवार अकोलेनं उरलेल्या चाचण्या चालवल्या, दिवसभर, आणि मी शेजारी बसून तिचे तक्ते वहीतून टाइप करून दिले. पाच रोग ओळखायचे होते. तीन जमले. उरलेल्या दोन रोगांना वेळ पुरला नाही, आणि ते दोन माझ्यामुळं राहिले हे आम्ही दोघी जाणून होतो. रविवारी दुपारी तिनं आत बघितलं, मी बाहेरून मोजलं, आणि आकडे ताडून पाहिले. आत सत्तर, बाहेर बहात्तर.

"हे दोन कुणाचे?" तिनं विचारलं.

"तुझ्या मशीनसाठी डिस्कवर वाचणं-लिहिणं सर्व्हर बाहेरून करून देतो. ते तुला आतून दिसत नाही."

ती टाइप केलेल्या तक्त्यांवरून नजर न काढता म्हणाली, "म्हणजे भाकरीचे."

सोमवारी गाइडनी तिला विचारलं, पाचपैकी तीनच का? मी दाराबाहेर उभी होते. ती माझं नाव घेईल असं वाटलं आणि घ्यावं असंही वाटलं. ती म्हणाली, "सर, मधे साडेतीन दिवस मशीन बंद होतं. यादी बोर्डावर आहे, दोन्ही बघा." गाइड उठून बोर्डापर्यंत आले, चष्मा सावरत दोन्ही याद्या वाचल्या, जुनी आणि नवी. मग आत जाऊन सही केली.

ती बाहेर आली. तिनं मला सही दाखवली नाही, फाइल पिशवीत टाकली आणि चालायला लागली. मी मागोमाग. मेसच्या वळणावर ती थांबून म्हणाली, "शेवगाव, ती जुनी यादी आता काढ. लोक अजून पंच्याऐंशीच वाचतायत."